चांगुणाबाई भाजी लावायला शिकते

तळवलीच्या चांगुणाबाई मढवीला भाजी लावता येत नाही, असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं तेव्हा तिनं पन्नाशी गाठली होती, आणि तिच्या टोपलीतला मुळा खाऊन खाऊन ठाण्याच्या बाजारातली निम्मी गिऱ्हाइकं म्हातारी झाली होती.

त्याचं असं झालं. मढव्यांची भातशेती नव्या शहरात गेली त्याला दहा वर्षं झाली होती. पण शेत गेलं म्हणून चांगुणाबाईचे हात थोडेच गेले? कंपनीच्या भिंतीमागं, नाल्याच्या कडेनं, कुणाचीच नाही अशी एक चिंचोळी पट्टी होती. तिथं ती वाल, मुळा, मेथी, चवळी काय वाटेल ते काढायची. त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्यात त्या पट्टीवर रस्त्याचं काम आलं. चांगुणाबाईच्या उभ्या चवळीवर खडीचा ट्रक पालथा झाला आणि पहिल्यांदाच तिच्यावर हातावर हात ठेवून ओट्यावर बसायची पाळी आली. चार दिवस ती बसली. पाचव्या दिवशी नवरा गोटीराम म्हणाला, "अगो, तू बसलीस का मना वाटतं घरात कोन तरी आजारी हाय."

त्याच सुमारास चावडीवर नोटीस लागली. भाजीपाला लागवडीचं प्रत्यक्ष शिक्षण, तीन महिने. जो पास होईल त्याला विहिरीलगतची दोन गुंठे जागा, पाच वर्षांच्या करारानं.

विहिरीलगतची! चांगुणाबाईला ती विहीर ठाऊक होती. मे महिन्यातसुद्धा तिचं पाणी गोडं राहायचं. खाडीकाठच्या गावात गोड्या पाण्याचे दोन गुंठे म्हणजे काय, हे ज्याच्या रोपांनी खारं पाणी पिऊन माना टाकल्यात त्यालाच विचारावं.

ती शेजारच्या सदूला घेऊन कचेरीत गेली. सदू भोईर मिठागरावरचा माणूस. मिठागर बंद पडलं तेव्हापासून तोही मोकळाच होता. त्याला चौथीपर्यंतचं वाचता यायचं, म्हणून त्याला सोबत घेतलेलं. कचेरीत दोन खिडक्या होत्या. एकीवर लिहिलेलं 'अनुभवी', दुसरीवर 'नवशिके'. चांगुणाबाई ताठ मानेनं अनुभवीवाल्या खिडकीशी गेली.

"सातबारा आणलाय?" आतला कारकून म्हणाला.

"जमिनीबरोबर तोबी तुमीच नेलाव ना."

"मग ही खिडकी तुमची नाही. पुढचे कोण?"

दुसऱ्या खिडकीत सातबारा नको होता, नुसता अंगठा हवा होता. फॉर्मवर एक रकाना होता, 'यापूर्वी भाजीपाला लावण्याचा अनुभव'. तिथं कारकुनानं न विचारताच 'नाही' लिहून टाकलं. चांगुणाबाईनं अंगठा उठवला. बाहेर आल्यावर सदूनं तळची बारीक ओळ एकेक अक्षर लावून वाचली. "खोटी... माहिती... आढळल्यास... नाव... रद्द."

दोघंही जागच्या जागी उभी राहिली.

"वयनी," सदू हळूच म्हणाला, "मना खरंच काय येत नाय. माजा काय नाय. पन तुजा काय?"

"मना बी काय येत नाय," चांगुणाबाई म्हणाली. "आजपासून."

घरी गोटीराम हसून हसून खोकायला लागला. तो कंपनीच्या गेटवर वॉचमन होता, त्यामुळं हसायला त्याला वेळ भरपूर. "तू शिकनार? अगो, आता कोलंबीला पवायला शिकवतीन हे लोक!"

"हसू नका. बाहेर तोंड उघरलात तर दोन गुंठं गेलं."

"मी नाय उघरनार. पन तू गप राहशील? तू?"

चांगुणाबाई कधी गप्प राहिल्याचं गोटीरामनं पाहिलं नव्हतं. अख्ख्या तळवलीनं नव्हतं.

शिकवायला आले ते मास्तर मंगळवेढ्याकडचे. वय पंचवीस, अंगावर इस्त्रीची पँट, ती गमबुटात खोचलेली, आणि काखेत जाड पुस्तक. नाव रावसाहेब खंडागळे. त्यांनी नाव सांगितलं तेव्हा पाठीमागून सदू म्हणाला, "हुद्दा समजला मास्तर, आता नाव सांगा." शिकायला अठराजण होते. ठेकेदारानं सोडून दिलेली पत्र्याची शेड हा वर्ग आणि तिच्यापुढची जमीन हे शेत. प्रत्येकाला एकेक तुकडा आखून दिलेला.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी खुरपं वर धरलं. "हे काय आहे? मावशी, तुम्ही सांगा."

बोट नेमकं चांगुणाबाईवर. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. तो तिनं गिळला, डोळे बारीक केले, आणि म्हणाली, "भाकरी परतायचा उलथना?"

मास्तरांनी मोठा श्वास घेतला. पुढचे तीन महिने ते तो श्वास वारंवार घेणार होते.

जेवणाच्या सुट्टीत मुक्ताबाई तिच्या शेजारी येऊन बसली. ही जालन्याकडची, नवरा रस्त्यापल्याडच्या कारखान्यात. तिनं जन्मभर कापूस वेचलेला, त्यामुळं दुसऱ्याच्या हातांवर नजर ठेवायची तिला सवय.

"उलथनं म्हनलीस ते झ्याक झालं, माय," ती भाकरी मोडत म्हणाली. "पन खुरपं हातात घेतल्यावर तुजा अंगठा कुठं जाऊन बसला, ते म्या पायलं."

चांगुणाबाईनं हात पदराखाली घेतला.

"म्या कशाला कुनाला सांगू? पन अंगठ्याला आवर घाल."

तेव्हा चांगुणाबाईनं ठरवलं, अडाणीपणा करायचा तर तो अंदाजानं करून भागणार नाही. नमुना पाहिजे. आणि सदूइतका अस्सल नमुना अख्ख्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर मिळाला नसता. सदूनं आयुष्यात तुळससुद्धा लावली नव्हती. त्याच्याकडं बघायचं, तो चुकेल तसं चुकायचं.

बेत उत्तम होता. त्यात एकच भानगड होती. सदूनंही बेत केला होता. वयनी करील तसं करायचं. वयनी चुकणार कशी?

मेथीच्या दिवशी चांगुणाबाई सदूकडं बघत थांबली. सदू तिच्याकडं बघत थांबला. दोघांची मूठ बियांनी भरलेली, आणि ऊन चढत चाललेलं. मास्तर ओरडले, "अहो पेरा की!" घाईघाईत चांगुणाबाईनं सुचेल ती चूक केली. एक एक दाणा मोजून, वीत-वीत अंतरावर लावला. सदूनं वीत घातली आणि तसंच लावलं. उलट जास्त नेटकं.

मास्तर दोन्ही वाफ्यांच्या मधोमध उभे राहिले. "मेथी आहे ही," ते म्हणाले. "नारळ नव्हे."

कांद्याच्या रोपांच्या वेळी तर कहर झाला. नवखा माणूस रोप उलटं लावील असं चांगुणाबाईला वाटलं. पात जमिनीत, मुळं आभाळाकडं. अकरा रोपं तिनं डोळे मिटून लावली. सदूनं चाळीस लावली, कारण तो कष्टाळू होता. सुट्टीत चांगुणाबाईनं बोंबलाचं कालवण तसंच झाकून ठेवलं. तिकडं एक्कावन्न जीव डोक्यावर उभे. शेवटी मास्तर डबा धुवायला गेले तशी ती धावली, आपली अकरा सुलटी केली, मग सदूची चाळीस, आणि हात धुऊन जागेवर येऊन बसली.

मास्तर आले, बघत राहिले. "मघाशी ही रोपं..."

"भूक लागली असल, मास्तर," सदू म्हणाला. "मुलं जमीन शोधत गेली."

त्या दिवशी मास्तरांनी पुस्तकात काहीतरी बराच वेळ शोधलं.

मग आला वाल. चार भाज्या चुकवणं एक वेळ जमलं, पण वाल हा तळवलीच्या पोटातला विषय. भात कापलं की त्याच रानात, त्याच ओलीवर वाल टाकायचा आणि घरी यायचं. थंडीचं दव पडतं तेवढं त्याला पुरतं. वरून पाणी घातलं तर वाल माजतो. नुसता पाला करतो, शेंग धरत नाही. हे गावातल्या शेळीलाही माहीत. पण मंगळवेढं ज्वारीचं, आणि मास्तरांनी वाल आजवर पाहिला तो फक्त वाण्याच्या पोत्यात. पुस्तकात शेंगवर्गीय पिकांना दर आठ दिवसांनी पाणी द्यावं असं लिहिलेलं. मास्तरांनी ते चार दिवसांवर आणलं. म्हणजे पीक जोमदार येईल.

शिकणाऱ्यांत आणखी तीन-चार गाववाले होते. पण त्यांच्याही फॉर्मवर तेच 'नाही' लिहिलेलं. त्यांनी एकमेकांकडं बघितलं, मग जमिनीकडं बघितलं आणि निमूटपणे पाण्याचे डबे उचलले. सदूनंही उचलला. त्याला वालाचं खरंच काही ठाऊक नव्हतं. मिठागरावर वाल फक्त जेवणात यायचा.

चांगुणाबाईनं डबा उचलला. वाफ्यापाशी आली. वालाची दोन-दोन पानं वर आलेली, हिरवीगार, भरवशानं तिच्याकडं बघणारी. तिचा हात काही तिरका होईना.

दुसऱ्या खेपेला तिनं ढिगातून एक डबा निवडून काढला. त्याच्या बुडाला करंगळी जाईल एवढं भोक होतं. विहिरीपासून वाफ्यापर्यंत साठ पावलं. ती सावकाश चालली. पोचली तेव्हा डब्यात घोटभर पाणी होतं, ते तिनं पायावर घेतलं. असे ती पाण्याच्या दर पाळीला दहा-दहा फेरे मारायची. वाटेवर गवत असं तरारलं की मास्तरांचा गमबूट त्यात दिसेनासा झाला.

"मावशी, तुमचा डबा गळतोय."

"व्हय? तरीच हलका लागतंय."

महिन्याभरात सगळ्यांचा वाल गुडघ्याला लागला. चांगुणाबाईचा वीतभर राहिला. मास्तरांना तिची काळजी वाटायला लागली. सगळे गेल्यावर ते तिला अर्धा तास जास्त शिकवायला लागले. पाणी म्हणजे काय, मूळ ते कसं शोषतं, पान काय करतं. चांगुणाबाई मान डोलावत ऐकायची. मुलगा मनापासून शिकवायचा. एकदा बोलता बोलता खडू हातात धरून थांबला.

"मावशी, माझी ही पहिलीच नेमणूक. जानेवारीअखेर मोठे साहेब तपासायला येणार. वर्ग पास झाला तर मी कायम, नाहीतर घरी. आईला सांगितलंय, तुला मुंबई दाखवतो म्हणून."

"दाखवशील रं," चांगुणाबाईच्या तोंडून निघून गेलं. आणि मग ती तिथून लगबगीनं उठली, कारण आणखी अर्धं मिनिट बसली असती तर वालाचं सगळं सांगून बसली असती.

जानेवारी संपत आला. सतरा वाफ्यांत वाल कमरेला लागला होता. इतका दाट की त्यात कुणाची तरी कोंबडी आठ दिवस राहून गेली. शेंग मात्र शोधावी लागत होती. आणि अठराव्या वाफ्यात वीत-दीड वीत उंचीची झाडं, पानं थोडकी, शेंगांनी मात्र लगडून वाकलेली.

"आता गं माय?" मुक्ताबाई म्हणाली. "सायब आला की पैला तुज्याच वाफ्याशी थांबंल. इचारंल, हे कुनाचं डोकं?"

सदू म्हणाला, "आन मग ती बारीक ओल वाचंल. नाव... रद्द."

रात्रभर चांगुणाबाईनं कूस बदलली आणि पहाटे बेत ठरला. शेंगाच ठेवायच्या नाहीत. पाहुणा येतोय, माघ लागतोय, वाल भरलाय. तळवलीत अशा वेळी कुणी वाफे दाखवत नाही, शेंगा मडक्यात भाजतात, पोपटी लावतात. साहेबाचं तोंडही गोड होईल आणि वाफाही इतरांसारखा बिनशेंगेचा दिसेल.

सकाळी दहाला अठराजणांनी मिळून तिचा वाफा ओरबाडला. मोठं मडकं आलं. तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मुक्ताबाईनं अंडी आणली, कुणी बटाटे. तोंडाशी पुन्हा पाला कोंबला, मडकं उपडं घातलं आणि भोवती पेंढा रचून पेटवला. मास्तर बिचारे शेडमध्ये तक्ते टांगत होते. धूर बघून धावत आले.

"हे काय?"

"साहेबांसाठी, मास्तर. आमच्याकरची रीत हाय."

मोठे साहेब साडेअकराला जीपमधून उतरले. गोल, गंभीर, गळ्यात चष्मा. त्यांच्यामागून शिपाई उतरला, आणि शिपायाच्या हातात तराजू होता.

चांगुणाबाईचं लक्ष त्या तराजूकडं गेलं आणि तिनं वळून आपल्या ओरबाडलेल्या वाफ्याकडं बघितलं.

"पास व्हायचं म्हणजे," साहेब म्हणाले, "प्रत्येकानं आपल्या वाफ्यातल्या वालाच्या शेंगा इथं तोलून द्यायच्या. किमान दोन किलो. खंडागळे, तुम्ही सांगितलं असेलच."

"पत्र आजच मिळालं, साहेब," खंडागळे म्हणाले. त्यांचा चेहरा मेथीसारखा पडला.

तोलणं सुरू झालं. पहिल्याच्या शेंगा सतरा. वजन नव्हे, संख्या. दुसऱ्याच्या नऊ. सदूनं कमरेएवढ्या जंगलात शिरून, घामाघूम होऊन चार शेंगा आणल्या आणि पारड्यात अशा ठेवल्या की जणू सोनं. पारडं हललंसुद्धा नाही. साहेब वहीत रेघा ओढत होते. शेवटी, "चांगुणाबाई मढवी."

चांगुणाबाई रिकाम्या हातांनी उभी राहिली. तिच्या वाफ्यात फक्त काड्या होत्या. विहिरीकाठची, गोड्या पाण्याची दोन गुंठे जागा साठ पावलांवर दिसत होती.

"शून्य," साहेब म्हणाले. "खंडागळे, अठरा जणांत मिळून अर्धा किलो नाही! काय शिकवलंत तीन महिने?"

नेमका त्याच वेळी मडक्याचा वास सुटला. सदूनं सवयीनं मडक्यावर पाण्याचा हात मारला. चर्रर्र झालं आणि पाणी क्षणात उडून गेलं. पोपटी झाली होती. आता झाली म्हटल्यावर ती काय तशीच ठेवायची? मडकं उघडलं, केळीच्या पानावर ओतलं. वाफेबरोबर ओव्याचा, पाल्याचा असा दरवळ उठला की साहेबांची रेघ वाकडी गेली.

"हे... काय आहे?"

"खाऊन बघा, साहेब."

साहेबांनी एक शेंग सोलली. मग चष्मा काढून ठेवला. मग बूट काढून मांडी घातली. वीसेक मिनिटं ते नुसत्या शेंगा सोलत राहिले. साहेबांपुढं टरफलांचा ढीग वाढत गेला, आणि तो गुडघ्याला टेकला तेव्हा ते हात झटकत म्हणाले, "शेंगा उत्तम आहेत. कुठल्या बाजारातून आणल्या?"

मास्तर खाली मान घालून बसलेले. त्यांनी एकही शेंग खाल्ली नव्हती. चांगुणाबाईनं त्यांच्याकडं बघितलं, मग विहिरीकडं, मग परत त्यांच्याकडं. आणि मग गोटीरामला ज्याची खात्री होती तेच झालं.

"बाजारातल्या नाय, साहेब. माज्या वाफ्यातल्या हायत. चांगल्या पाच-सहा किलो व्हत्या. मीच सकाली तोरल्या."

"तुमच्याच एकट्या वाफ्यात एवढ्या?"

"मी पानी दिला नाय. वालाला पानी लागत नाय. मास्तरांचा काय चुकला नाय, त्यांच्या गावात वालच नाय. आमी सांगाय पायजेल व्हता. आमी भ्यालो." तिनं पदर खोचला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मी पस्तीस वर्षं भाजी लावतंव. मुला, मेथी, वाल, चवली, सगला येतं मना. फारमावर कारकुनानं न इचारता खोटा लिवलाय. आता काय रद करायचा तो करा."

सदूनं डोळे मिटून घेतले.

साहेबांनी चष्मा परत चढवला. "पस्तीस वर्षं? सातबारा आहे?"

"नाय."

"पीकपाहणीत नाव? तलाठ्याचा दाखला?"

"नाय."

"कुठलाही कागद?"

"कुठला नाय."

"मग अनुभव नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "बाई, अनुभव म्हणजे कागद. तो नाही, म्हणजे तुम्ही नवशिक्याच. फॉर्म अगदी बरोबर आहे. कारकुनानं म्हणूनच विचारलं नसेल."

चांगुणाबाई बघतच राहिली. आधी तिला हलकं वाटलं. मग हळूहळू दुसरंच काहीतरी वर चढायला लागलं.

"म्हंजे मना सगला येतं म्हनून पैल्या दिवशीच सांगितला असता, तरी चालला असता?"

"खुशाल."

"मग मी रोपा उलटी कनाला लावली?" ती एवढ्यानं ओरडली की शिपायाच्या हातून तराजू निसटला. "खुरप्याला उलथना बोलले मी! मी! तीन महिने बावली झाले, आन कोनाला परलाच नव्हता?"

"टरफलं गोळा करा," साहेब शिपायाला घाईनं म्हणाले. त्यांना बाईच्या आवाजापेक्षा वजनाकडं वळणं सोयीचं वाटलं असावं. टरफलं तोलली. साहेबांचीच सव्वा किलो भरली. आता खाल्लेली शेंग कुणाच्या वाफ्यातली हे पोटाला विचारणार कोण? साहेबांनी बरंच मोठं गणित केलं, मुक्ताबाईला दोनदा विचारलं की मडक्यात तळाशी आणखी काही उरलंय का, आणि अखेर लिहिलं की, वर्गानं उत्पन्न सामुदायिक काढलं, तपासणी अधिकाऱ्यांनी त्याची प्रत्यक्ष खात्री केली, वर्ग पास. आणि खाली, वालास पाणी देऊ नये असा प्रयोग श्री. खंडागळे यांनी यशस्वी केला.

मास्तरांनी ती ओळ वाचली आणि कानापर्यंत लाल झाले. "साहेब, प्रयोग माझा नाही, मावशींचा."

"त्यांचा कागद आहे का?" साहेब म्हणाले, आणि जीपमध्ये बसले.

दाखले आठवड्यानं आले. चांगुणाबाईच्या दाखल्यावर लिहिलं होतं की तिनं भाजीपाला लागवडीचं प्राथमिक ज्ञान समाधानकारकरीत्या आत्मसात केलं. सदूनं वाचून दाखवलं. गोटीरामला पुन्हा खोकला लागला. चांगुणाबाईनं तो कागद दोनदा उलटासुलटा केला, शिव्या घालायला योग्य जागा सापडते का बघितली, आणि मग घडी करून कमरेला खोचला. कारण कागद होता तो. पाच वर्षांनी कराराची मुदत संपली की पुन्हा दोन खिडक्या असणार, आणि तेव्हा ती पहिल्या खिडकीशी जाणार होती.

दुपारी ती दोन गुंठ्यांवर गेली. मास्तर आधीच तिथं येऊन उभे होते, गमबूट न घालता, हातात वही.

"मावशी, पुढच्या महिन्यात नवा वर्ग आहे. मला मुळ्याचं जरा सांगाल?"

"वही ठेव तिकरं," चांगुणाबाई म्हणाली. "पैलं खाली बस. आन खुरपा असा नाय धरायचा. अंगठा बघ माजा, कुठं हाय तो."